मोफत माहितीपट आणि व्याख्यानं: दिवे लागल्यानंतरचा अर्धा तास

हवामानबदल आणि विविधता या विषयावर सार्वजनिक वाचनालयाच्या सभागृहात सहा महिने एक मालिका चालली. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एक माहितीपट किंवा एक व्याख्यान आणि त्यानंतर चर्चा. प्रवेश मोफत, आधी नाव नोंदवायचीही गरज नाही. सहापैकी पाच कार्यक्रमांना मी गेले. तिसऱ्याच्या वेळी तापानं अंथरुणात होते, म्हणून त्याबद्दल काही लिहीत नाही.

मी २८ वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त आहे. डाव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नाही, उजव्या कानाला यंत्र लावते. दोन्ही गोष्टी आधीच सांगून ठेवते, कारण मला या कार्यक्रमांत जे आवडलं आणि जे खटकलं त्याचं मूळ त्यांतच आहे.

जावं का? जरूर जावं. पण पडद्यावरची शेवटची नावं सरकायला लागली की उठून चपला शोधणाऱ्यांपैकी असाल, तर थोडं थांबा. माहितीपट घरीही बघता येतात. घरी जे मिळत नाही ते दिवे लागल्यानंतरच्या अर्ध्या तासात मिळतं. आयोजकांनी हा अर्धा तास जितका सांभाळला तितका कार्यक्रम चांगला झाला, आणि जिथे सांभाळला नाही तिथे वाया गेला. पाचही शनिवारी मला हेच दिसलं.

पहिल्या शनिवारी ‘चेसिंग आइस’ हा २०१२ सालचा माहितीपट होता. जेम्स बलोग हा छायाचित्रकार आणि त्याचे सहकारी ग्रीनलँड, आइसलँड, अलास्का अशा ठिकाणी हिमनद्यांच्या समोर खडकांत कॅमेरे रोवून ठेवतात. दिवसाउजेडी ठरावीक वेळानं आपोआप एकेक फोटो निघत राहतो. महिने, वर्षं गेल्यावर ते फोटो एकापुढे एक लावले की हिमनदी मागे हटताना डोळ्यांनी दिसते. सुरुवातीला त्यांची यंत्रं बंद पडतात, कॅमेऱ्याजवळ पोचून बघावं तर आत काहीच नाही. बलोग तिथे अक्षरशः रडतो. मला तो भाग फार महत्त्वाचा वाटला. मोजमाप म्हणजे काय कष्टाचं काम असतं हे पुस्तकातल्या आलेखावरून मुलांना कधीच कळत नाही.

हिमनदी शिकवताना माझी दरवर्षी एका जागी अडचण व्हायची. हिमनदी पुढे वाहते असंही सांगायचं आणि ती मागे हटते असंही सांगायचं. मुलं म्हणायची, बाई, नक्की काय? उत्तर असं की बर्फ कायम उताराकडेच सरकत असतो, पण वरून जितका येतो त्यापेक्षा तोंडाशी वितळून आणि तुटून जास्त गेला, की तोंड मागे जातं. फळ्यावर दोन उलटे बाण काढून हे पटवणं अवघड होतं. इथे पडद्यावर बर्फ पुढे येतानाही दिसत होता आणि कडा मागे जातानाही. २८ वर्षांत माझ्याकडे ही पाच मिनिटं असती तर, असं वाटत राहिलं.

मग ग्रीनलँडमधल्या इलुलिसाट हिमनदीचं दृश्य आलं. २८ मे २००८ रोजी तिच्या तोंडाचा प्रचंड भाग तुटला, आणि ते तुटणं ७५ मिनिटं चालू होतं. माहितीपटात त्यातली काही मिनिटंच आहेत. पांढऱ्या कड्यांचे डोंगराएवढे तुकडे पाण्यात उलटतात, खालचा निळा-काळा बर्फ वर येतो, पुन्हा आत जातो. सभागृहात कुणी हलत नव्हतं. मला आवाज नीट येत नव्हता. यंत्रात नुसती घरघर होत होती म्हणून मी ते काढून हातात घेतलं. पाय जमिनीला टेकलेले होते आणि स्पीकरचा हादरा तळव्यांना जाणवत होता. पुढच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, तीही थरथरत होती. त्या दिवशी खाली सबटायटल्स होते, पण फक्त बोलण्याचे. आवाजाबद्दल एक शब्द नव्हता. शेजारच्या बाईंनी नंतर सांगितलं की आधी बंदुकीसारखा कडकडाट आणि मग लांबून येणारा गडगडाट होता. ते मला पडद्यावर वाचायला मिळायला हवं होतं.

दिवे लागले. कुणी काही बोलेना. शेवटी कॉलेजची वाटावी अशी एक मुलगी उठली आणि तिनं विचारलं, “बर्फ पाण्यातच पडला ना? ग्लासमधला बर्फ वितळला तर पाणी वर येत नाही. मग समुद्र कसा वाढणार?”

प्रश्न अगदी बरोबर होता. संचालन करणारा स्वयंसेवक तरुण होता, तो थोडा गोंधळला, म्हणाला, “कुणाला उत्तर द्यायचंय का?” मला त्याचं कौतुक वाटलं. न येणारं उत्तर रेटून देण्यापेक्षा त्यानं सभागृहाला विचारलं. मी उठले. तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो, म्हणून तो वितळल्यानं पातळी जवळजवळ बदलत नाही, हे तिचं म्हणणं खरंच आहे. पण हा बर्फ मुळात जमिनीवरचा. जमिनीवरून समुद्रात जितका येईल तितकी भर पडते. शिवाय तोंडाशी अडून बसलेला बर्फ गेला की मागच्याचा अडसर निघतो आणि तो जास्त वेगानं सरकू लागतो. ग्रीनलँडवरचा सगळा बर्फ गेला तर जगभर समुद्र सरासरी ७ मीटरच्या आसपास वर येईल. ते एका पिढीत होणारं नाही, पण सुरुवात आपल्या डोळ्यांसमोर झालेली आहे. मुलगी मान डोलवत होती. मग तिच्या मागचे एक गृहस्थ उठले. ते बांधकामावर पाण्याच्या पंपांचं काम करायचे. बंधाऱ्याचा खालचा दगड हलला की वरचा गाळ कसा एकदम सुटतो ते त्यांनी हातवारे करून सांगितलं. ते उदाहरण माझ्या उत्तरापेक्षा चांगलं होतं.

दुसरा कार्यक्रम व्याख्यानाचा होता आणि सहा महिन्यांतला माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा तोच ठरला. विषय होता युनिस फूट.

हे नाव मी नोकरीत असताना एकदाही उच्चारलेलं नाही. हरितगृह परिणामाच्या धड्यात आम्ही जॉन टिंडल सांगायचो, पुढे स्वांते अऱ्हेनियस आणि कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल याचं त्याचं १८९६ सालचं गणित. वक्त्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. त्यांनी सांगितलं की अमेरिकेतल्या युनिस फूट यांनी १८५६ मध्ये, म्हणजे टिंडलच्या कामाच्या तीन वर्षं आधी, काचेची दोन नळकांडी घेतली. प्रत्येकाचा व्यास ४ इंच, लांबी ३० इंच. आत तापमापक. एकात एक वायू, दुसऱ्यात दुसरा. उन्हात ठेवायचं, मग सावलीत, आणि पारा वाचायचा. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा जास्त तापली. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सगळ्यांत जास्त तापलं आणि उन्हातून काढल्यावर थंड व्हायला त्याला कितीतरी जास्त वेळ लागला. त्यावरून त्यांनी लिहून ठेवलं की वातावरणात हा वायू जास्त असता तर पृथ्वी जास्त तापली असती. लेख जेमतेम दोन पानांचा. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ऑल्बनीला विज्ञान परिषदेत तो वाचला गेला, पण फूट यांनी नव्हे, जोसेफ हेन्री यांनी वाचला. पुढे दीडशे वर्षं तो जवळजवळ विस्मरणात गेला. २०११ मध्ये रे सोरेन्सन या निवृत्त पेट्रोलियम भूवैज्ञानिकानं त्याकडे पुन्हा लक्ष वेधलं. या फूटबाईंनी १८४८ साली सेनेका फॉल्सच्या स्त्री-हक्क परिषदेतल्या जाहीरनाम्यावर सहीही केली होती.

इथवर ऐकून कुणालाही संताप यावा. पण वक्त्यांनी आम्हाला संतापावर सोडलं नाही, म्हणून हे व्याख्यान मला मोठं वाटतं. त्या म्हणाल्या, फूट यांच्या प्रयोगानं नेमकं काय सिद्ध झालं आणि काय नाही, तेही बघूया. पृथ्वी सूर्याचा प्रकाश घेते आणि उष्णता अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात परत सोडते. वातावरणातला कार्बन डायऑक्साइड हे बाहेर जाणारे किरण शोषतो, मुख्य गोष्ट ही. फूट यांच्या मांडणीत सूर्याची उष्णता आणि ही बाहेर जाणारी उष्णता वेगळी काढता येत नव्हती. ते काम १८५९ पासून टिंडलनं केलं. दोघांचं श्रेय वेगवेगळं आहे, आणि फूट यांचं श्रेय खरं आहे म्हणूनच ते फुगवून सांगायची गरज नाही.

मग त्यांनी टेबलावर दोन बरण्या, दोन तापमापक आणि एक दिवा ठेवला आणि विचारलं, “हा प्रयोग वर्गात कुणी केलाय?” मी हात वर केला. एका बरणीत साधी हवा, दुसरीत कार्बन डायऑक्साइड, वरून दिवा. दुसऱ्या बरणीचा पारा चढतो आणि आपण मुलांना सांगतो, बघा, हरितगृह परिणाम. त्या म्हणाल्या, बरणीत जो फरक दिसतो तो बराचसा या वायूच्या जडपणामुळे असतो. जड वायू तळाशी बसून राहतो, हवेत मिसळून उष्णता वर नेण्याचं काम मंदावतं, म्हणून तापमापक जास्त दाखवतो. वातावरणात जे घडतं ते या बरणीत घडत नाही. निष्कर्ष बरोबर आहे, पण हा त्याचा पुरावा नव्हे.

तो प्रयोग मी किती तुकड्यांना करून दाखवला असेल! त्या रात्री झोप लागेना. किती मुलांनी तो वहीत लिहून घेतला असेल, त्यांतली किती आता स्वतः शिकवत असतील. दुसऱ्या दिवशी माझ्या जुन्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “ताई, मी तर तुमच्याचकडून शिकले तो.” आम्ही दोघींनी मिळून त्या धड्याचं टिपण नव्याने लिहायला घेतलंय. एका मोफत व्याख्यानातून हे मिळालं.

तक्रारही याच कार्यक्रमाची आहे. वक्त्यांच्या आधी प्रास्ताविक करणारे गृहस्थ माइक बाजूला सारून म्हणाले, “मला याची गरज नाही, माझा आवाज खणखणीत आहे.” लोक हसले, टाळ्याही पडल्या. मला त्यांचं एक वाक्य कळलं नाही. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी मोठा आवाज पुरेसा नसतो. काही सभागृहांत माइकचा आवाज तारेच्या वेटोळ्यातून थेट कानातल्या यंत्रात येण्याची सोय असते. आमच्या सभागृहात ती आहे, दारावर तसं चिन्हही आहे. पण माइक वापरलाच नाही तर त्या वेटोळ्यात काहीच जात नाही. सभा घेणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे, माइक घ्या. श्रोत्यांतून प्रश्न आला की तो माइकवर पुन्हा म्हणा आणि मग उत्तर द्या. ‘माझा आवाज पोचतोय ना?’ असं विचारू नका, कारण ज्याला पोचत नाही त्याला तुमचा प्रश्नही पोचलेला नसतो. हे मी कार्यक्रम संपल्यावर अभिप्रायाच्या कागदावर लिहून दिलं.

चौथा कार्यक्रम संध्याकाळऐवजी दुपारी तीनला ठेवला होता आणि सभागृह ओळखू येईना. पहिल्या दोन वेळा बहुतेक सगळे माझ्यासारखे होते, पिकल्या केसांचे, शिकलेले, संध्याकाळी मोकळे. दुपारी मुलं आली, मुलांना घेऊन आया आल्या, आजारी माणसांची सेवा करणाऱ्या दोन-तीन जणी आल्या. त्यांना संध्याकाळी सातला कुठून जमणार? विविधतेवर कार्यक्रम करायचा आणि वेळ अशी ठेवायची की एकाच तऱ्हेची माणसं येतील, हे नुसतं घड्याळ बदलून सुधारलं. माहितीपट ‘चेसिंग कोरल’, २०१७ चा, ‘चेसिंग आइस’च्याच दिग्दर्शकाचा. पडदे नीट ओढले नव्हते, त्यामुळे पहिली दहा मिनिटं समुद्र राखाडी दिसत होता. एका आईनं उठून पडदे ओढले तेव्हा कुठे रंग आले.

प्रवाळ म्हणजे दगडही नाही आणि झाडही नाही, तो प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बहुतेक यजमानाला देतं. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाच्या वर अंशभर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तरी हे नातं तुटतं. शैवाल बाहेर टाकलं जातं आणि खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. लवकर थंडावा मिळाला तर प्रवाळ सावरतं, नाहीतर उपाशी मरतं. माहितीपटात प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनियाजवळची काही प्रवाळं मरण्याआधी जांभळ्या, निळ्या, पिवळ्या रंगांनी झळाळतात. आपल्या ऊतींना उन्हापासून वाचवण्यासाठी ती ही रंगद्रव्यं तयार करतात. एक सात-आठ वर्षांचा मुलगा मोठ्यानं म्हणाला, “किती छान!” आईनं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि तो गप्प झाला. नंतर चर्चेत त्यानंच हात वर केला, “ते झळकतात तेव्हा त्यांना वाचवायला वेळ असतो का?” सागरी जीवशास्त्राच्या अभ्यासक तिथे होत्या, त्या त्याच्यासमोर गुडघ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “थोडा असतो. पण पाणी थंड व्हायला हवं, आणि ते आपण बादली ओतून नाही करू शकत.” मग त्यांनी मोठ्यांना सांगितलं की २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी चौथ्या जागतिक प्रवाळ-विरंजनाची, म्हणजे जगभर प्रवाळं अशी पांढरी पडण्याची, घोषणा केली. मुलाला दिलेलं उत्तर तेवढंच खरं होतं आणि त्याला झेपेल असंही होतं. मुलांशी असं बोलता येणं सोपं नाही, मी शिक्षिका आहे, मला माहीत आहे.

असे कार्यक्रम स्वतः करू बघणाऱ्यांसाठी एक सांगते, कारण मी आयोजकांना मुद्दाम विचारलं. तिकीट नसलं तरी घरच्या वर्गणीवर चालणारा माहितीपट सभागृहात लावता येत नाही, सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी वेगळी लागते. बरेच माहितीपटकार सामुदायिक प्रदर्शनासाठी ती देतात, नेटफ्लिक्सही आपल्या काही माहितीपटांच्या विनामूल्य शैक्षणिक प्रदर्शनाला मुभा देतं. आधी पत्र लिहा, मग फलक छापा.

पाचव्या शनिवारी शहरातल्या उष्णतेवर व्याख्यान होतं आणि ते मला मनापासून आवडलं नाही. वक्ते विद्वान होते यात शंका नाही. पण पाऊण तासाचं व्याख्यान पावणेदोन तास चाललं. ८० च्या पुढच्या स्लाइडवर असताना त्यांनी विचारलं, “अजून पाच मिनिटं चालतील ना?” संचालकांनी मान हलवली. प्रश्नोत्तरं झालीच नाहीत. अक्षरं इतकी बारीक की चौथ्या रांगेतून आलेखाची उभी अक्षरेषा कशाची आहे ते वाचता येईना. अहमदाबादचा उल्लेख एका स्लाइडवर येऊन गेला. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले, आणि त्यानंतर २०१३ मध्ये तिथे दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा आला. आधी इशारा देणं, दवाखान्यांतल्या लोकांना प्रशिक्षण देणं, पाण्याची सोय करणं, अशा साध्या वाटणाऱ्या गोष्टी. यावरच पूर्ण तास बोलायला हवं होतं. ते सोडून उरलेला वेळ आपण रोजच्या सवयी कशा बदलाव्यात याच्या उपदेशात गेला, आणि तो ऐकताना लोक एकेक करून उठत होते.

बाहेर आले तर सभागृह झाडणाऱ्या बाई दाराशी उभ्या होत्या. नेहमी भेटतात, म्हणून विचारलं, ऐकलंत का? म्हणाल्या, “दारातून ऐकलं थोडं. ते अंशांचं सांगत होते. पण अंश तेवढेच असले तरी काही दिवशी घाम निघतो आणि अंगावरच राहतो, वाळतच नाही. त्या दिवशी डोकं गरगरतं. कोरड्या दिवशी ऊन जास्त असूनही काम होतं.”

मी तिथेच थबकले. घाम वाळला तरच शरीर थंड होतं. हवेत दमटपणा जास्त असेल तर घाम वाळत नाही, म्हणून नुसत्या तापमापकाच्या आकड्यावरून धोका कळत नाही, दमटपणाही बघावा लागतो. ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकानं जे मोजतात ते हेच. वक्त्यांनी हे तीन स्लाइडमध्ये सांगायचा प्रयत्न केला होता. या बाईंनी ते दोन वाक्यांत, स्वतःच्या अंगावरून सांगितलं, आणि माइक त्यांच्यापर्यंत गेला नाही. त्या दिवशीच्या अभिप्रायाच्या कागदावर मी दोन्ही बाजूंनी लिहिलं.

शेवटच्या कार्यक्रमाच्या वेळी दारातच फरक दिसला. पडद्याशेजारी एका उजेडाच्या वर्तुळात खुणांच्या भाषेचे दुभाषी उभे होते, खाली बोलणं टाइप होऊन पडद्यावर उमटत होतं, आणि संचालक माइकशिवाय एक शब्द बोलले नाहीत. या सगळ्याचं श्रेय माझ्या कागदाला नाही. बरेच जण तेच सांगत होते असं नंतर कळलं. झाडणाऱ्या बाईंना आत बसायला सांगितलं होतं. त्या दहा मिनिटं शेवटच्या रांगेत बसल्या आणि काम होतं म्हणून उठून गेल्या. त्यांच्या कामाच्या वेळेत त्यांना बसता येईल अशी सोय झालेली नाही, हे आयोजकांनी वाचावं म्हणून लिहिते.

विषय होता बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळं. १९७० च्या नोव्हेंबरमध्ये भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली. १९९१ च्या एप्रिलमध्ये बांगलादेशात सुमारे १ लाख ३८ हजार. २००७ मधलं सिद्र चक्रीवादळही अतिशय तीव्र होतं, तिथले मृत्यू सुमारे ३४००. तेही फार, पण कुठले लाख आणि कुठले हजार. वाऱ्याचा जोर कमी झाला म्हणून हे घडलं नाही. इशारा घरापर्यंत पोचू लागला, निवारे बांधले गेले, सायकलीवरून भोंगा घेऊन फिरणारे स्वयंसेवक तयार झाले. बांगलादेशात १९७२ मध्ये सुरू झालेल्या त्या उपक्रमात आज ७५ हजारांहून जास्त स्वयंसेवक आहेत.

वक्त्या म्हणाल्या, १९९१ मध्ये तरुण बायकांचे मृत्यू त्याच वयाच्या पुरुषांच्या कित्येक पट होते. मग त्यांनी आम्हालाच विचारलं, का असेल? आणि खरंच थांबल्या. कुणी म्हणालं, पोहता येत नसेल. कुणी म्हणालं, अंगावरचं कापड भिजून जड होतं. मागून एक बाई म्हणाल्या, “लहान मूल कडेवर, म्हातारं माणूस हाताशी, आणि घरचा पुरुष आल्याशिवाय बाहेर पडायचं नाही.” वक्त्यांनी प्रत्येक उत्तर माइकवर पुन्हा म्हटलं. मग सांगितलं की निवाऱ्यात बायकांसाठी वेगळी खोली नाही, संडास नाही, म्हणून जाणं टाळणाऱ्याही होत्या. आणि इशारा घेऊन येणारा परका पुरुष असेल तर तो दाराशीच थांबायचा, घरातल्या बाईपर्यंत पोचायचाच नाही. आज तिथल्या स्वयंसेवकांत निम्म्या स्त्रिया आहेत. निम्म्या का, याचं उत्तर आमच्याच तोंडून आलं होतं.

चौथ्या रांगेत एक तरुण बसला होता, त्याला ऐकू येत नव्हतं. त्यानं हात वर केला आणि खुणांनी प्रश्न विचारला. दुभाष्यांनी तो माइकवर सांगितला: “भोंगा माझ्या दारावरून गेला तर मला कसं कळणार?”

वक्त्या लगेच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की काही ठिकाणी झेंडे आणि दिवे वापरतात, फोनवर संदेशही येतो. पण रात्री झोपलेल्या माणसाला दिवा दिसत नाही आणि फोनची थरथर जाणवेलच असं नाही. शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवणं आणि स्वयंसेवकाच्या यादीत आपलं घर लिहिलेलं असणं, आज खात्रीचं म्हणावं असं तेवढंच. तरुणानं पुन्हा खुणा केल्या: “मग यादी करताना आम्हाला बोलवा.” वक्त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. आम्हाला सगळ्यांना ते दिसलं.

माझं यंत्र कानात होतं, माइकचा आवाज त्यात थेट येत होता, आणि तरी मी पडद्याखाली उमटणारी अक्षरंच वाचत होते. सहा महिन्यांत पहिल्यांदा एकही वाक्य सुटलं नाही.

पुढची मालिका जाहीर झाली आहे. फलकावर वेळ दुपारी तीनची आहे, आणि खाली लिहिलंय की सगळ्या माहितीपटांना आवाजांच्या वर्णनासह कॅप्शन असतील. डाव्या बाजूच्या पहिल्या दोन रांगांतून दुभाषी नीट दिसतात, व्हीलचेअरची जागाही तिथेच आहे. सभागृहाचं दार वीस मिनिटं आधी उघडतं. मी ‘चेसिंग आइस’ पुन्हा ठेवायची विनंती केली आहे. त्या बर्फाचा आवाज मला वाचायचा आहे.